पाहुण्याला कळता कामा नये

सकाळी ६.२०

मे महिन्यातला शनिवार. लग्नाचा मुहूर्त आहे. बँक्वेट हॉल गेलेला, खोल्याही जवळजवळ सगळ्या भरलेल्या. विमानतळाजवळच्या आमच्या पंचतारांकित हॉटेलात पाहुणे काचेच्या दारातून येतात. मी येतो तो मागच्या बाजूने, भाजीचे टेम्पो लागतात तिथून, टाइम ऑफिसच्या यंत्रावर बोट टेकवून. इंजिनिअरिंगचं खातं दुसऱ्या तळघरात आहे. लॉबीत लेमनग्रासचा सुगंध सोडलेला असतो, आमच्याकडे पंपांची घरघर.

चहाच्या आधी लॉगबुक. रात्रपाळीचे काका निवृत्तीला आले आहेत, पण अक्षर अजून छापल्यासारखं. दोन चिलर चालू, तिसरा राखीव. चिलरमधून निघणारं पाणी ७ अंश, इमारतीत फिरून परत येणारं साडेनऊ. इथेच माझी नजर अडकली. पाणी ७ अंशाला जाऊन १२ अंशाला परत आलं, तर ते खोल्यांमधली उष्णता घेऊन आलं. साडेनऊला आलं, तर ते नुसतंच हिंडून आलं, आणि त्याला हिंडवायला पंपाची वीज गेली.

"काका, काहीतरी फुकट चालू होतं का रात्री?"

"बँक्वेटचे एएचयू, साहेब. डेकोरेशनवाले दोनला गेले. बंद करा म्हणून कुणी सांगितलंच नाही."

एएचयू म्हणजे हॉलमध्ये गार हवा सोडणारी यंत्रं. पहाटेपर्यंत आम्ही रिकाम्या खुर्च्या आणि झेंडूच्या माळा थंड केल्या. मोठ्या हॉटेलच्या वीजबिलातला निम्म्याच्या आसपास वाटा वातानुकूलनाचा असतो. मुंबईसारख्या दमट शहरात तो कमी व्हायचं नाव घेत नाही. बांबूचे टूथब्रश, कागदी स्ट्रॉ, बियांचे कागद हे सगळं चांगलंच आहे. पण त्या एका रात्रीच्या विसरभोळेपणाची भरपाई किती टूथब्रशांनी होईल, याचा हिशेब मला कुणी मांडून दाखवावा.

मी वहीत रोज आधी एकच आकडा बघतो: एक टन गारव्यामागे किती किलोवॅट वीज गेली. जुन्या चिलरना टनामागे एक किलोवॅट सहज लागायचा. चांगला नवा वॉटर-कूल्ड चिलर ०.६ मध्ये तेच काम करतो, कमी लोडवर त्याहूनही कमीत. पंपांना वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी बसवले की आणखी गंमत होते. पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज ८० टक्क्यांवर येत नाही, निम्म्यावर येते. वेगाचा घन धरायचा असतो. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात सोपा नफा. अट एकच, पंप हळू चालतोय हे वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला कळता कामा नये.

सकाळी ७.१५

सात ते नऊ अंघोळीची गर्दी. विमानं, मीटिंगा, सगळ्यांना एकाच वेळी गरम पाणी हवं. पूर्वी हे काम डिझेलच्या बॉयलरचं होतं, मग पाइपच्या गॅसचं झालं. आता बराचसा भार हीट पंपावर आहे. हे यंत्र एसीच्या परतीच्या पाण्यातली उष्णता काढतं आणि नळाच्या पाण्याला देतं. एका युनिट विजेत तीन युनिटांइतकी उष्णता मिळते आणि चिलरचं थोडं काम वर फुकटात होऊन जातं. नाहीतर एकीकडे इमारतीतली उष्णता गच्चीवर नेऊन उधळायची आणि दुसरीकडे उष्णता विकत आणायची, असा आमचा कारभार वर्षानुवर्षं चालला होता.

हिशेबखात्यातला एक तरुण सारखा विचारतो, "सर, टाकीत ६० अंश कशाला? अंघोळ तर चाळिसाला होते. ४५ ठेवा, गॅस वाचेल." त्याला १९७६ सालचं फिलाडेल्फिया सांगावं लागतं. तिथल्या एका जुन्या, नावाजलेल्या हॉटेलात माजी सैनिकांच्या लीजन या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. घरी परतलेली माणसं न्यूमोनियाने पटापट आजारी पडली, कितीतरी दगावली. पुढे तो जंतू सापडला, त्याचं नाव लिजिओनेला. कोमट पाणी हे त्याचं माहेर. म्हणून टाकी ६० वरच राहणार आणि कूलिंग टॉवरच्या पाण्यात औषध पडणारच. कुठे काटकसर करायची नाही, तेही हॉटेलच्या इंजिनिअरला पाठ असावं लागतं.

सकाळी ८.००

मे महिन्यात मुंबईची वर्तमानपत्रं तलावांच्या टक्क्यांनी सुरू होतात. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा. या सातांतून शहराला दिवसाला जवळपास ४०० कोटी लिटर पाणी येतं. सगळ्यात मोठा घास भातसाचा. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. आमच्याकडचे दोन प्लंबर त्या भागातले आहेत. गळक्या फ्लश टाकीची तक्रार आली की ते दोघं लिफ्टची वाट बघत नाहीत.

पाण्याचा सगळ्यात मोठा उधळ्या गच्चीवर बसलेला असतो, हे पाहुण्यांच्या गावीही नसतं. कूलिंग टॉवरमध्ये एक टन गारव्यामागे ताशी सहा लिटरच्या वर पाणी वाफ होऊन उडतं. ४०० टनांचा लोड असेल, तर तासाला अडीच हजार लिटर. दुपारभरात चांगला मोठा टँकर आकाशात जातो. हे पाणी पिण्याचं असायची गरजच नाही. म्हणून मी एसटीपीत जातो.

एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. नव्या ट्रेनी मुलांना मी पहिल्या दिवशी इथेच आणतो. नाक दाबणारा मुलगा वाईट नसतो, पण इथला वास अचानक बदलला हे ज्याला कळतं तो कामाचा. ऑपरेटरदादाने एअरेशन टाकीतलं गढूळ पाणी लिटरच्या काचेच्या मोजपात्रात भरून ठेवलं होतं. अर्ध्या तासाने गाळ कितीवर बसतो ते बघायचं. गाळ नीट बसला, वरचं पाणी नितळ दिसलं, म्हणजे जिवाणू पोटभर जेवून खूश आहेत. काल स्वयंपाकघराचा ग्रीस ट्रॅप वेळेवर साफ झाला नव्हता. तेलकट पाणी आलं की जिवाणू रुसतात. ते रुसले, तर फ्लशला, बागेला आणि टॉवरला जाणारं पाणी आम्हाला विकत घ्यावं लागतं.

१९९७ मध्ये विठ्ठल कामतांनी विलेपार्ल्याला 'ऑर्किड' काढलं आणि पर्यावरण जपणारं पंचतारांकित हॉटेल म्हणून त्याची जाहिरात केली. तेव्हा धंद्यातल्या बऱ्याच जणांना तो नुसता प्रचार वाटला होता. पंचतारांकित म्हणजे सढळ हात, तिथे वापरलेलं पाणी पुन्हा वापरतो असं सांगायचं म्हणजे कमीपणा, अशी समजूत. आज मुंबईत एकही मोठं हॉटेल एसटीपीशिवाय उभं राहत नाही. नियमांनी ते सक्तीचं केलं हे खरं, पण लाज कुणीतरी आधी मोडावी लागते.

सकाळी ९.१५

मॉर्निंग ब्रीफिंग. जीएम साहेब पाहुण्यांचे अभिप्राय वाचून दाखवतात. आज माझ्या वाट्याचा एक: 'शॉवरला फोर्स नाही.'

जुन्या शॉवरमधून मिनिटाला १५ ते २० लिटर पाणी पडायचं. नव्यांतून आठ-नऊ. हवा मिसळून धार भरदार भासवायची, असा तो डाव. बहुतेकांना फरक कळत नाही, काहींना कळतो. मी प्लंबरला पाठवून जाळी साफ करायला सांगितली. क्षार अडकले की आठाचे पाच लिटर होतात आणि मग तक्रार खरी असते. फ्रंट ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, "सर, सूटमधले तरी जुने शॉवर परत लावू या ना." मी नकार दिला. जास्त पैसे देणाऱ्याला जास्त पाणी, हा हिशेब मला पटत नाही. पण सूटमध्ये बाथटब आहेत आणि एक टब भरायला दीडशे-दोनशे लिटर लागतात, त्यामुळे माझ्या तत्त्वाला फार धार नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही.

सकाळी १०.१०

नाश्त्याचा बुफे साडेदहाला बंद होतो. हॉटेलातली सगळ्यात अवघड वीस मिनिटं हीच. १०.२८ ला खाली आलेल्या पाहुण्यालाही सातला आलेल्याइतकाच भरलेला बुफे दिसला पाहिजे, असा या धंद्याचा अलिखित नियम आहे. भरलेपणा हीच इथे विकायची वस्तू. चिलरचं मी काहीही करू शकतो, बुफेपुढे माझे हात टेकतात.

शेफने तरी बरंच केलं आहे. दहानंतर मोठी भांडी काढून तळहाताएवढी लावतात. डोसा, ऑम्लेट, पोहे समोर करून देतात. कापलेल्या फळांच्या राशी कमी केल्या. भांडी धुतात त्या स्टीवर्डिंगमध्ये वजनकाटा ठेवला आहे आणि तीन डबे: स्वयंपाकघरात वाया गेलेलं, बुफेवर उरलेलं, ताटात टाकलेलं. तिन्ही वेगळं मोजायला लागल्यापासून आचाऱ्यांची आणि वेटरांची एकमेकांवर ढकलाढकली थांबली. ताटातल्या डब्यात सगळ्यात जास्त काय असतं? क्रोसाँ आणि कलिंगड. दोन्ही लोक डोळ्यांनी घेतात.

बुफेवरचं न उष्टावलेलं अन्न देऊन टाकता येतं. एफएसएसएआयने २०१९ मध्ये उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम केले, त्यामुळे 'कुणाला काही झालं तर?' ही भीती थोडी ओसरली. तापमान लिहायचं, वेळ लिहायची, झाकून द्यायचं. पण नारळाची चटणी, दुधाचे पदार्थ, मेमधली दुपार... शेफ सगळं देत नाही आणि मी त्याला दोष देत नाही. तळणीचं तेलही वेगळं जातं. त्यातली खराब संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते वापरता येत नाही. ते कॅनमध्ये भरून बायोडिझेलवाल्यांना द्यायचं.

बाकी सगळा ओला कचरा आमच्याच आवारात जिरतो. दिवसाला १०० किलोच्या वर ओला कचरा करणाऱ्यांनी तो जागेवरच जिरवावा, असा आग्रह महापालिकेने २०१७ पासून धरला. तेव्हा आम्ही यंत्रांची कोटेशनं घेत फिरत होतो आणि तयार पद्धत मात्र तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राकडे होती. तिथल्या डॉ. शरद काळे यांचा 'निसर्गऋण' प्रकल्प: कचरा दळायचा, गरम पाण्यात हवेच्या संगतीत आधी कुजवायचा, मग हवाबंद टाकीत त्याचा गॅस करायचा. युक्ती आहे ती पहिल्या पायरीत. त्यामुळे टाकी तुंबत नाही. बायोगॅसचे बंद पडलेले प्लांट ज्यांनी पाहिलेत, त्यांना हिची किंमत कळेल. आमच्याकडे जागा नव्हती म्हणून कंपोस्टचं यंत्र आलं. त्याला वीज लागते, ही बोच राहिली आहे.

दुपारी १२.००

हाऊसकीपिंगच्या मावशींबरोबर सातव्या मजल्यावर. वातानुकूलनाच्या तक्रारीचं निमित्त, पण मला खोल्या बघायच्या असतात. किल्लीच्या कार्डाशिवाय दिवे लागत नाहीत, म्हणून पाहुणे खाचेत व्हिजिटिंग कार्ड खुपसून जातात आणि खोली दिवसभर १९ अंशाला गारठत राहते. आता हालचाल टिपणारा सेन्सर आहे. खोली रिकामी असेल तर तापमान आपोआप चढतं. एक अंश चढला की एसीची वीज सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण मुंबईत फार चढवूनही चालत नाही. खोली दमट झाली की कपाटाला बुरशी येते, गालिचा कुबट होतो. पावसाळ्यात तर मी गारव्यापेक्षा ओलाव्याशीच जास्त भांडतो.

उशीवर ते कार्ड होतंच: चादर बदलायची नसेल तर इथे ठेवा, पृथ्वी वाचवा. मला त्या मजकुराची चीड आहे, कारण त्यात पुण्य पाहुण्याचं आणि बचत आमची. पण रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकन हॉटेलातला प्रयोग वाचल्यापासून मी मजकूर बदलण्याच्या मागे आहे. 'पर्यावरण वाचवा' एवढंच लिहिलं, तेव्हा ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. 'आमचे बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात' असं लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी. पुढच्या प्रयोगात 'याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे' म्हटल्यावर ४९ टक्क्यांनी. माणसाला पृथ्वीपेक्षा शेजारी जवळचा. ब्रँडच्या मुख्य कार्यालयाकडे मजकूर पाठवला आहे. फाइल तिथे मुक्कामाला आहे.

मावशींचं म्हणणं निराळं. "साहेब, कार्ड काही लिहा. पाहुणा टॉवेल दोरीवर लावून जातो आणि आमच्या नव्या पोरी सवयीने बदलून टाकतात. सुपरवायझर ओरडेल म्हणून." हे खरं आहे. पाहुण्याने ऐकलं, पण आम्हीच ऐकलं नाही. मावशींनी मजल्यावरच्या मुलींना एकत्र बोलावलं आणि टॉवेल न बदलल्याबद्दल कुणी ओरडलं तर माझं नाव सांगा, म्हणाल्या.

वापरून उरलेले छोटे साबण एका गोणीत वेगळे पडतात. मुंबईत 'सुंदरा' ही संस्था हॉटेलांतले असे साबण स्वच्छ करून, पुन्हा वड्या पाडून गरजू वस्त्यांत वाटते. आमच्याकडे आता भिंतीवरच्या मोठ्या बाटल्या आल्या, गोणी हलकी झाली. काही पाहुण्यांना वाटतं, हॉटेल कंजूष झालं.

दुपारी १.४०

लॉन्ड्री. शेवटच्या खंगाळणीचं पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला. वाफेच्या पाइपवरचे ट्रॅप गळतात का ते कानाला यंत्र लावून ऐकायचं. आज एक गळत होता. लिहून घेतला. इथे फार थांबवत नाही, मेमध्ये तर नाहीच. इस्त्रीच्या रोलरपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसांसाठी नवा पंखा मागितला आहे आणि तो माझ्या बचतीच्या आकड्यातून वजा झाला तरी चालेल.

जेवण स्टाफ कँटीनमध्ये. वरण, भात, भेंडी.

दुपारी २.४५

राखीव चिलरची तपासणी. कंपनीचा माणूस गळती शोधायचं यंत्र फिरवत होता आणि एका फ्लँजपाशी ते पिकपिकलं.

या गोष्टीला जाहिरातीत जागा नसते, म्हणून इथे जरा थांबतो. आमच्या जुन्या चिलरमध्ये आर-१३४ए हा वायू आहे. ओझोनला तो धोका नाही, पण हवेत सुटलेला त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० किलोइतका ताप देतो. दहा किलो गळला की १४ टन. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन धरला, तर ती वीस हजार युनिटं झाली. ना वास, ना डाग, ना बिल. एसी थोडा कमी गार लागतो एवढंच. पूर्वी मेकॅनिक येऊन 'गॅस टॉप-अप' करून जायचे आणि गळती तशीच राहायची. २०१६ च्या किगाली करारानंतर हे वायू हळूहळू कमी करायचे ठरलं, भारतानेही २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. पुढचा चिलर घेताना नव्या वायूचा घ्यायचा, हे मी बजेटमध्ये लिहून ठेवलं आहे. तोवर फ्लँज घट्ट करायचे आणि किती किलो भरला हे वहीत लपवायचं नाही.

दुपारी ४.००

सेल्सच्या मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. एका मोठ्या कंपनीला वर्षभरासाठी खोल्या हव्यात आणि दर विचारायच्या आधी त्यांनी प्रश्नावली पाठवली आहे: एका खोलीच्या एका रात्रीमागे किती कार्बन? हॉटेल कार्बन मेजरमेंट इनिशिएटिव्ह या पद्धतीने सांगा.

दहा वर्षांपूर्वी असं कुणी विचारत नव्हतं. माझ्या मते हॉटेलांना सुधारणारा सगळ्यात मोठा रेटा हाच. कार्ड वाचणारा पाहुणा तसा हिशेब मागत नाही, खरेदीखात्यातला कारकून मागतो. मी वीज, गॅस, डिझेल, वायूगळती सगळं दिलं. मॅडमनी वायूगळतीच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे द्यायलाच हवं?" द्यायलाच हवं.

विजेचा काही भाग आम्ही राज्यातल्या सौर आणि पवन प्रकल्पांकडून ओपन अ‍ॅक्सेसने घेतो. विकत घेतलेली हरित वीज कागदावर आमचा आकडा झपकन खाली आणते. त्यामुळे माझी एक भीती असते, ती मी त्यांना सांगितली: आकडा खाली गेला की रिकामा हॉल थंड राहिल्याचं कुणाला वाईट वाटणार नाही.

दुपारी ४.३०

दिवसा, सूर्य असतो त्या तासांत, वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, असा आता दर आहे. म्हणून हॉल आत्ताच थंड करून ठेवायचा, भिंती, गालिचा, छत सगळं. सात वाजता गर्दी आली की चिलरची धावपळ कमी. रात्रीच्या घोडचुकीचं थोडं उसनं फेडल्याचंही समाधान.

रात्री ८.३०

बँक्वेट मॅनेजरचा फोन. "सर, हॉल गरम आहे. नवरदेवाचे काका चिडलेत."

वर गेलो. हॉल २२ अंशांवर होता. शेरवानी घातलेल्या पुरुषांना तो गरम वाटत होता आणि पाठ उघडी असलेल्या ब्लाउजमधल्या बायका शाली मागत होत्या. काकांनी मला सांगितलं, अठरा करा. इतके पैसे देऊन घाम गाळायचा का? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ते भर मेमध्ये जरीचं ओझं वागवत होते. "करतो साहेब," म्हणालो, पुरुषांच्या घोळक्याच्या बाजूचा पंख्यांचा वेग वाढवला, ताज्या हवेचा डँपर नीट केला (गर्दीत हवा कोंदली की माणसाला उकडतंय असंच वाटतं) आणि एक अंश उतरवला. दहा मिनिटांनी काकांनी लांबूनच अंगठा दाखवला. हॉल २१ वर होता.

रात्री ११.१०

हॉल रिकामा. सगळे एएचयू बंद केल्याशिवाय आज मी हललो नाही. मग स्टीवर्डिंगमध्ये काट्यापाशी उभा राहिलो.

शेफही तिथेच. यजमानांनी ४५० पानांची खात्री दिली होती. शेफने नेहमीप्रमाणे दहा टक्के वर रांधलं होतं, कारण कमी पडलं तर हॉटेलची अब्रू जाते. यजमानांनीही पन्नास पानं वाढवूनच सांगितली होती, कारण कमी पडलं तर त्यांची जाते. प्रत्यक्षात आले चारशेच्या आत. पनीर, बिर्याणी, तीन प्रकारच्या डाळी. न उष्टावलेलं भरायला संस्थेची गाडी मागच्या गेटवर उभी होती, पण ताटांच्या डब्यांची रांगच वेगळी. दिवसभर पंपाच्या वेगातून मी जे मिळवलं ते या डब्यांत होतं: शेत, खत, पाणी, ट्रक, गॅस.

"तुझं कंपोस्टचं यंत्र पहाटेपर्यंत चालेल आज," शेफ म्हणाला.

"तू दहा टक्के सोड ना."

"मी सोडतो. सेल्सवाले करारात लिहितील? की शेवटच्या पानासाठी पंधरा मिनिटं थांबावं लागलं तर तक्रार नाही?"

एवढं बोलून तो खरंच सेल्सच्या मॅडमच्या टेबलाकडे निघाला. त्या अजून प्रश्नावली भरत बसल्या होत्या. मीही मागोमाग गेलो. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, कराराचा नमुना उघडला आणि विचारलं, "पंधरा लिहू की वीस?"